वेलदूरचे कागद

एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचा महाराष्ट्रातला इतिहास मराठीत बहुतेकदा विजेच्या दराने सांगितला गेला आहे. युनिट कितीला पडले, करार कोणी केला, कोणी मोडला, मोडलेला पुन्हा कोणी जोडला. त्यावर भरपूर आणि चांगले लेखन झाले. इथे मला दुसरे कागद पुढे ठेवायचे आहेत: जमावबंदीचे आदेश, अटकांच्या नोंदी, चिपळूणच्या न्यायालयापुढे आलेले अर्ज आणि त्यांच्या आधारे परदेशात प्रसिद्ध झालेले दोन अहवाल. प्रश्न एकच आहे. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरमध्ये जे घडले, त्याचा जाब कंपनीला कोणी विचारला आणि कशाच्या बळावर?

एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प दाभोळात नाही. दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात येते. प्रकल्प झाला तो दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर आणि रानवी या गावांच्या परिसरात. अंजनवेलचा गोपाळगड तिथून जवळच. वेलदूर हे मच्छीमारांचे गाव. प्रकल्पाचे गरम पाणी खाडीत सुटले तर मासळीचे काय होणार, पिण्याचे पाणी कुठून येणार, आंबा-काजूच्या कलमांचे काय, हे तिथले पहिले प्रश्न होते. जमीन घेतली गेली ती महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ खाली, म्हणजे एमआयडीसीमार्फत. अनेक खातेदारांनी हरकती दिल्या, मोबदला घ्यायला नकार दिला.

प्रकल्पाच्या जन्माचे कागद सर्वांना ठाऊक आहेत, तरी काही तारखा लावून घ्याव्या लागतील. एन्रॉनचे प्रतिनिधी जून १९९२ मध्ये मुंबईत आले आणि २० जूनला राज्य वीज मंडळाने त्यांच्याशी सामंजस्य करार केला. निविदा निघाली नव्हती. केंद्र सरकारने जागतिक बँकेकडे कर्जाबाबत विचारणा केली, तेव्हा ३० एप्रिल १९९३ च्या पत्रात बँकेने कळवले की प्रकल्प आर्थिकदृष्ट्या टिकणारा नाही, आयात वायूची महाग वीज कोळशाच्या स्वस्त विजेची जागा घेईल. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदी करार झाला. पहिला टप्पा ६९५ मेगावॉट, दोन्ही मिळून सुमारे २,०१५ मेगावॉट. प्रकल्पासाठी काढलेल्या दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे आणि त्यातला मोठा भाग डॉलरशी जोडलेला. राज्याची हमी होती, तिच्या मागे केंद्राची प्रतिहमी. पुण्याच्या प्रयास गटातल्या गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी १९९५ मध्ये या कराराची चिरफाड करून आकडे लोकांसमोर ठेवले.

बँकेच्या त्या पत्राकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. त्यातला आक्षेप आणि गुहागरच्या सभांमधला आक्षेप यांत मुळात फरक नव्हता. वीज महाग पडेल आणि भरणार आपण, असे गावकरी म्हणत होते. तेच वॉशिंग्टनहून लिहून आले, तेव्हा ते मंत्रालयात दाखल झाले आणि बाजूला ठेवले गेले. गावात म्हटले गेले, तेव्हा म्हणणाऱ्यांना विकासविरोधी ठरवण्यात आले. म्हणणे एकच असताना म्हणणारा कोण यावर पोलीस यायचे की नाही हे ठरले. या प्रकरणातली ही मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

आणखी एक कागद नीट वाचायला हवा. जानेवारी १९९५ मध्ये एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सांगितले की, भारतात लोकशिक्षण आणि प्रकल्पविकास यांवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. हे वाक्य आपल्याकडे लाचेचा कबुलीजबाब म्हणून फिरले. तसे ते नाही. कोणाला काय दिले, याचा त्यात पत्ता नाही आणि लाच कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेली नाही. साधार लिहायचे तर कागद जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे. आपल्या प्रकल्पाबद्दल या देशातल्या लोकांचे मत घडवणे हे कंपनी आपले काम मानत होती आणि त्यासाठी तिने मोठा खर्च केला, एवढे त्यातून निघते. पुढचा मुद्दा समजायला तेवढे पुरे आहे.

राजकारणाची उलथापालथ थोडक्यात. मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा प्रचारात झाली होती. गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने कराराविरुद्ध अहवाल दिला. ३ ऑगस्ट १९९५ ला मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत प्रकल्प रद्द झाल्याचे जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये सरकारने मुंबई उच्च न्यायालयात दावाही लावला. नोव्हेंबरपर्यंत फेरवाटाघाटी सुरू झाल्या होत्या. १९९६ च्या सुरुवातीला त्याच सरकारने दोन्ही टप्प्यांना मान्यता दिली आणि दावा मागे पडला. सीटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता यांनी लढवलेली जनहित याचिका उच्च न्यायालयाने २ डिसेंबर १९९६ रोजी फेटाळली. फेटाळताना न्यायालयाने सार्वजनिक हितापेक्षा राजकीय विचार वरचढ ठरल्याबद्दल खंत नोंदवली, पण प्रकल्पाला हात लावला नाही. त्याच महिन्यात बांधकाम पुन्हा सुरू झाले.

गावातले कागद सुरू होतात ते इथून.

पहिला कागद कलम ३७ चा आदेश. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चे हे कलम कोकणातल्या त्या पिढीला तोंडपाठ झाले होते. त्याच्या पहिल्या उपकलमाखाली शस्त्रे, लाठ्या, दगड बाळगण्यावर बंदी घालता येते. ती समजण्यासारखी आहे. पण त्याच यादीत प्रतिकृती मिरवणे, जाहीर घोषणा देणे, गाणी म्हणणे, वाद्ये वाजवणे, भाषण करणे, हावभाव करणे हेही बसते. तिसऱ्या उपकलमाखाली सभा आणि मिरवणूक यांनाच मनाई करता येते. ही मनाई राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपलीकडे चालत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात हा तात्पुरता उपाय होता: एखादी जत्रा, एखादी निवडणूक, एखादा दंगा, आणि पंधरवड्यानंतर सगळे पूर्ववत. गुहागर तालुक्यात पंधरवडा संपला की नवा आदेश निघे. तात्पुरत्या उपायाचा तिथे कायमचा नियम झाला. हे आदेश ओळीने लावले तर दिसते की, प्रकल्पाबद्दल चार माणसांनी रस्त्यावर उभे राहून बोलणे हाच तिथे गुन्हा होऊन बसला होता.

दुसरा प्रकार चॅप्टर केसचा. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली माणसाकडून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतला जाई आणि कलम १५१ खाली गुन्हा घडण्यापूर्वीच त्याला ताब्यात घेता येई. चॅप्टरमध्ये अडकलेल्या माणसावर काहीही सिद्ध व्हायचे नसते. तारखेला हजर राहायचे, जामीनदार आणायचा, एसटीचे भाडे मोडायचे आणि दिवसाची मजुरी सोडायची, एवढ्यानेच काम भागते. मच्छीमार किंवा शेतमजूर कुटुंब याने किती लवकर जेरीला येते, हे तालुक्याच्या कचेरीत खेटे घातलेल्या कोणालाही सांगायला नको. त्याच्या जोडीला बेकायदा जमाव आणि दंगल यांची भारतीय दंड संहितेची कलमे होती. ३० जानेवारी १९९७ च्या आंदोलनात शेकड्यांनी अटका झाल्या, लाठीमार झाला. मे महिन्यात मेधा पाटकर आणि निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांच्याविरुद्ध प्रवेशबंदीचे आदेश निघाले आणि त्यांना अटक झाली. उच्च न्यायालयाचा माजी न्यायाधीश गावात भाषण करायला येतो म्हणून त्याला अडवावे लागते, यावरून बंदीचा रोख हिंसेवर होता की बोलण्यावर, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत ठरलेले आहे.

मग ३ जूनची पहाट. अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच यांच्या अहवालांतले कथन मुख्य तपशिलांत जुळते. पहाटेच्या अंधारात पोलीस आणि राज्य राखीव दलाचे जवान वेलदूरच्या घरांत शिरले. बरेचसे पुरुष मासेमारीला गेलेले होते. दारे फोडून बायकांना बाहेर ओढले, मारहाण केली, गाडीत घातले. २६ स्त्रिया आणि १३ पुरुष पकडले गेले. त्यांतल्या एका तरुण स्त्रीचे निवेदन चिपळूणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे आठवड्याच्या आत आले. ती तीन महिन्यांची गरोदर होती. पोलिसांनी दार-खिडकी फोडली, घरातून ओढत नेले, आपण गरोदर आहोत असे सांगितल्यावरही मारणे थांबले नाही, असे तिने सांगितले.

या निवेदनाचे वजन किती? इतिहास लिहिणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. ते आरोपीचे म्हणणे आहे आणि आरोपीला पोलिसांना दोष देण्यात हित असू शकते. पण तीन गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. ते घटनेनंतर लगेचचे आहे, वर्षांनी आठवून सांगितलेले नाही. ते सभेत किंवा वर्तमानपत्रात न देता न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दिलेले आहे, जिथे खोटे बोलण्याची किंमत मोजावी लागते आणि वैद्यकीय तपासणीने शब्द पडताळता येतो. आणि त्या पहाटेच्या इतर स्त्रियांची निवेदने तपशिलात वेगळी असूनही घटनाक्रमात सारखी आहेत. पढवलेली साक्ष सहसा उलटी असते, तपशील एकसारखे आणि क्रम डळमळीत. पोलिसांच्या कागदांत त्या पहाटेचे समर्थन गुन्ह्यांच्या कलमांच्या रूपाने येते. झोपेतल्या घरांतून इतक्या बायकांना का उचलावे लागले, याचे उत्तर त्या कलमांत मिळत नाही.

अॅम्नेस्टीचा अहवाल पुढच्याच महिन्यात, जुलै १९९७ मध्ये निघाला. विकासाच्या नावाखाली आंदोलन दडपले जाते आहे, असे त्याचे शीर्षकच म्हणत होते. प्रकल्प असावा की नसावा यावर संस्थेने मत दिले नाही. शांततेने विरोध करणाऱ्यांना पकडणे आणि मारणे यापुरतेच ती बोलली आणि म्हणूनच तो अहवाल फेटाळणे अवघड गेले. इथपर्यंत ही जुन्या पद्धतीची गोष्ट होती: मानवाधिकार संघटना आणि सरकार समोरासमोर, कंपनी पार्श्वभूमीला.

जानेवारी १९९९ च्या ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालाने ती रचना बदलली. त्याच्या शीर्षकातच एन्रॉनचे नाव होते आणि मानवाधिकारभंगात कंपनीच्या सहभागाचा आरोप होता. हा आरोप कशावर उभा केला ते बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण कंपनीच्या माणसाने कोणाला लाठी मारली असे अहवाल म्हणत नाही. त्याची मांडणी अशी. प्रकल्पाच्या शेजारी जे राखीव पोलीस तैनात होते ते आंदोलनाच्या बंदोबस्तासाठीच होते. त्यांचा खर्च कंपनी राज्य सरकारला देत होती. त्यांच्या कारवाईचा थेट लाभ कंपनीला होत होता. अत्याचारांच्या तक्रारी कंपनीच्या कानावर गेल्या होत्या. आणि त्याबद्दल विचारल्यावर कंपनीने चौकशी न मागता तक्रारीच झटकून टाकल्या. शिवाय कंपनीच्या ठेकेदारांनी विरोधकांना धमकावल्याच्या, मारल्याच्या तक्रारी होत्या. त्या घेऊन गेलेल्यांचे पोलिसांनी ऐकले नाही, काही वेळा तक्रारदारालाच अटक झाली. कंपनीने हे आरोप नाकारले. कायदा आणि सुव्यवस्था हे सरकारचे काम, असा तिचा पवित्रा होता.

सगळ्या युक्तिवादाचा खांब म्हणजे पोलिसांच्या खर्चाचा मुद्दा. पैसे देऊन पोलीस मागवणे आपल्या कायद्यात बसते. मुंबई पोलीस अधिनियमाचे कलम ४७ कोणाही अर्जदाराला त्याच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची सोय करते आणि कलम ४८ मोठ्या बांधकामांच्या जागी तशीच सोय ठेवते. सिनेमाचे चित्रीकरण असो, क्रिकेटचा सामना असो की बँकेचा खजिना, असे पैसे रोज भरले जातात. तेव्हा कंपनीने पैसे दिले हे एवढेच बेकायदा नव्हते. पण गावात ज्याच्याशी भांडण आहे, तोच भांडणाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या शिपायाचा खर्च उचलतो, तेव्हा त्या शिपायाने काय केले हे माहीत करून घेणे हे खर्च उचलणाऱ्याचे कर्तव्य ठरते. ह्यूमन राइट्स वॉचचे म्हणणे हेच होते आणि मला ते पूर्णपणे पटते. सरकारचे काम सरकारकडे, असे म्हणायचे तर त्याचा खर्चही सरकारकडेच ठेवायला हवा होता.

अहवालाने अमेरिकी सरकारलाही सोडले नाही. तिथल्या एक्झिम बँकेने या प्रकल्पाला सुमारे ३० कोटी डॉलरचे आणि ओपिक या सरकारी महामंडळाने १० कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. अमेरिकी करदात्याचा पैसा ज्या प्रकल्पात आहे, त्याच्या कुंपणाबाहेर काय चालले हे पाहण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यांवरही येते, अशी मांडणी होती. दिल्लीतले अमेरिकी राजदूत फ्रँक विझनर १९९७ च्या उन्हाळ्यात पदावरून उतरले आणि त्याच वर्षी एन्रॉनच्याच तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळात गेले. यातून गैरव्यवहार सिद्ध होत नाही, पण वेलदूरची तक्रार त्या राजदूतावासात कोणत्या कानांनी ऐकली गेली असेल याचा अंदाज येतो.

याच वर्षांत जगात इतरत्रही असेच प्रश्न उभे होते. नायजेरियात शेल या तेल कंपनीविरुद्ध उभ्या राहिलेल्या केन सारो-विवा यांना तिथल्या लष्करी राजवटीने १९९५ मध्ये फाशी दिली. म्यानमारच्या वायुवाहिनीवर लष्कराने केलेल्या अत्याचारांबद्दल युनोकॅल कंपनीवर १९९६ मध्ये अमेरिकेत दावा लागला आणि २००५ मध्ये तडजोडीने मिटला. डिसेंबर २००० मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांची सरकारे, तेल-खाण कंपन्या आणि मानवाधिकार संस्था यांनी मिळून सुरक्षेबाबतची ऐच्छिक तत्त्वे मान्य केली. कंपनीने सरकारी सुरक्षादलाशी केलेली व्यवस्था शक्य तितकी उघड असावी आणि त्या दलाविरुद्धच्या तक्रारी तिने नोंदवून पुढे पाठवाव्यात, असे त्यांत आहे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी व्यवसाय आणि मानवाधिकारांची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. भारत सरकारची जबाबदार व्यवसायाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१९ ची. वेलदूरला या सगळ्याचा काही उपयोग झाला नाही. कागद तिथून गेले, नियम दुसऱ्यांसाठी झाले, तेही बहुतांश ऐच्छिक.

देशातल्या न्यायालयात काय झाले? उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध सीटू आणि मेहता सर्वोच्च न्यायालयात गेले. मे १९९७ मध्ये, वेलदूरच्या पहाटेच्या महिनाभर आधी, न्यायालयाने नोटीस काढली ती फक्त महाराष्ट्र सरकारला. सुनावणी राज्याच्या उत्तरदायित्वापुरती ठेवली आणि कंपनीला त्यातून वगळले. ते प्रकरण २०१९ पर्यंत पडून राहिले आणि मग इतक्या वर्षांनी त्यात शिरण्यात अर्थ नाही म्हणून बंद झाले. कंपनीला थेट प्रश्न विचारता येईल असा देशातला तो दरवाजा १९९७ मध्येच लागला होता. परदेशी संस्थांच्या अहवालांवर आपल्याकडे सहज नाराजी व्यक्त होते. आमच्या घरच्या गोष्टीत बाहेरचे कशाला, असे म्हटले जाते. घरात विचारायची सोय उरली नव्हती, हे उत्तर पुरेसे आहे.

आणि समित्या? मुंडे समितीचा विषय करार. फेब्रुवारी २००१ मध्ये नेमलेल्या माधव गोडबोले समितीचा विषय करार आणि दर. तिने एप्रिलमध्ये दिलेला अहवाल प्रशासनाच्या अपयशाचा स्पष्ट आणि धीट दस्तऐवज आहे, ई. ए. एस. सर्मा, किरीट पारीख, दीपक पारेख, राजेंद्र पचौरी यांच्यासारखी माणसे त्या समितीत होती. नंतर नेमलेल्या न्यायमूर्ती कुर्डुकर आयोगाचा विषयही करारच, आणि केंद्र-राज्य वादात तो अडकला. पैशाच्या हिशेबासाठी तीनदा माणसे बसवली गेली. वेलदूरच्या पहाटेची चौकशी यांतल्या एकाही समितीच्या कार्यकक्षेत नव्हती. जून १९९७ मध्ये गृह आणि ऊर्जा ही दोन्ही खाती गोपीनाथ मुंडे यांच्याकडे होती. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी कराराविरुद्ध अहवाल लिहिला, त्यांच्याच खात्याचे पोलीस वेलदूरच्या दारात उभे होते. पक्ष कोणताही असला तरी गावाच्या वाट्याला जे आले त्यात फरक पडला नाही, हे या कागदांत स्वच्छ लिहिलेले आहे.

पुढचे सर्वांना माहीत आहे. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, १९९३ मध्ये २ रुपये ४० पैसे सांगितलेला दर २००० च्या मध्यात ७ रुपयांवर गेला, मंडळाने पैसे देणे थांबवले, २९ मे २००१ ला केंद्र बंद पडले आणि २ डिसेंबरला एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने ते ताब्यात घेतले. जागतिक बँकेचे पत्र, प्रयासचे आकडे आणि गुहागरच्या सभांमधले म्हणणे खरे निघाले. खरे बोलल्याबद्दल ज्यांच्यावर चॅप्टर चालले, त्यांना कोणी तसे लिहून दिले नाही.

वेलदूरच्या लोकांकडून शिकायचे ते हे की त्यांनी वेळच्या वेळी लिहून ठेवले. कोणाला, किती वाजता, कुठून उचलले, कोणत्या दवाखान्यात तपासले, याच्या याद्या कार्यकर्त्यांनी केल्या, अर्जांवर पोच घेतली. परदेशी अहवालांतल्या तळटीपा याच कागदांवर उभ्या आहेत. अशा नोंदींची गरज आज कर्नाटकाच्या सीमाभागातही आहे. बीदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीतल्या रसायन-औषध कारखान्यांच्या वासाबद्दल, पाण्याबद्दल आसपासची गावे तक्रारी करतात. कलबुर्गी जिल्ह्यात वाडी-सेडमच्या पट्ट्यात सिमेंटची धूळ आणि चुनखडीच्या खाणी आहेत. सीमाभागातली तक्रार मराठीत बोलली जाते, कन्नडमध्ये लिहिली जाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इंग्रजी उत्तरात आकसते. तिथे तारीख, वेळ, विहिरीचे नाव आणि पोच असलेला एक अर्ज दहा मोर्च्यांइतका टिकतो, असे मी अनुभवी कार्यकर्त्यांकडून ऐकले आहे आणि गुहागरचे कागद पाहून मला ते पटले आहे.

गुहागरचे काम मात्र अर्धे राहिले आहे. पोलिसांचा खर्च कंपनीने दिला हे अहवालात आहे, पण त्या पैशाचे मूळ कागद लोकांसमोर आलेले नाहीत. अर्ज कोणी केला, कोणत्या कलमाखाली, किती जवानांसाठी, किती महिन्यांसाठी, किती रक्कम कोषागारात भरली. असे पैसे चलनानेच भरले जातात, म्हणजे नोंद झालेली असणार. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती देताना व्यापारी गुपिताची सबब चालत नाही. सार्वभौमत्व, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढ्यापुरतेच अपवाद उरतात. वेलदूरच्या घटनेला २० वर्षे जून २०१७ मध्येच झाली. किरकोळ खटल्यांच्या फायली नियमाप्रमाणे ठरावीक काळाने नष्ट होतात, म्हणून चिपळूणच्या न्यायालयातून निवेदनांच्या प्रमाणित नकला आधी मागवायला हव्यात आणि रत्नागिरीचे पोलीस अधीक्षक कार्यालय व गृह विभाग यांच्याकडे १९९६ ते २००१ या काळातल्या जादा बंदोबस्ताच्या वसुलीची माहिती मागायला हवी. अर्जाची फी १० रुपये आहे.